आमच्या कामाला काम म्हणा

प्रति,
मुळशी-मावळ परिसरातील योगकेंद्रांचे विश्वस्त, संचालक आणि व्यवस्थापक

सप्रेम नमस्कार.

मुळशी तालुक्यातल्या एका योगकेंद्राच्या स्वयंपाकघरात मी नऊ वर्षं काम करते आहे. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं आम्ही २४ जण आहोत, आणि या पत्रापायी कुणाची नोकरी जावी अशी माझी इच्छा नाही. शिवाय हे एका केंद्रापुरतं नाहीच. माझी नणंद मावळात पवना धरणाच्या अंगाला अशाच एका ठिकाणी खोल्या आवरायला जाते. दिवाळीला, गौरी-गणपतीला भेट झाली की आमचं बोलणं सुरू होतं, आणि तिचं कुठलं नि माझं कुठलं हे घरातल्यांनाही कळत नाही.

तुमच्याकडे येणाऱ्या लोकांना पहाटे साडेपाचला घंटा ऐकू येते. त्याआधीच्या दोन तासांत काय होतं ते आधी सांगते.

मौन शिबिराचा आठवडा असेल तर आम्ही साडेतीनला चूल पेटवतो. एरवी सव्वाचारला आलं तरी चालतं. हा पाऊण तास कुकरच्या शिट्टीमुळे जातो. मौनाच्या दिवसांत शिट्टी वाजलेली चालत नाही. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक व्हरांडा आहे. नाश्त्याला रोज एक उसळ असते. चवळी किंवा हरभरा कुकरला लावला तर चार-पाच शिट्ट्यांत मोकळे होतो. तीच तीन किलो चवळी उघड्या टोपात शिजायला सव्वा तास जातो, आणि तेवढा वेळ तीन भट्ट्यांतली एक अडकून राहते. दुसरीवर काढ्याचं आणि नेतीचं, म्हणजे नाक धुवायचं, पाणी. तिसरीवर नाचणीची आंबील, जिला सारखं ढवळावं लागतं, नाहीतर गुठळ्या होतात. ओट्यावर आणि भांडी घासायच्या मोरीत आम्ही गोणपाट भिजवून अंथरतो. ताट ताटावर ठेवताना मध्ये बोट धरायचं आणि मग बोट काढून घ्यायचं, म्हणजे आवाज होत नाही. नवीन आलेल्या पोरीला ही बोटाची युक्ती जमायला तीन-चार दिवस लागतात. तोवर तिला सगळे डोळ्यांनीच रागावतात, कारण बोलायची आम्हालाही बंदी असते.

मौनाचा मला राग नाही. मला ते आवडतं. शिबिर संपताना लोक सांगतात की आयुष्यात पहिल्यांदा इतकी शांतता ऐकली, तेव्हा मला खरंच बरं वाटतं. फक्त ती शांतता कुठून आली हे तुम्ही त्यांना सांगत नाही. डोंगरातून आली, झाडांतून आली, असं माहितीपत्रकात छापता.

मौनाच्या आठवड्यात आमचे फोनही ऑफिसच्या खणात जमा होतात. गेल्या वर्षी माझ्याबरोबरच्या एकीची मुलगी शाळेत जिन्यावरून पडली. हात मोडला. शाळेतून १४ वेळा फोन आला. तिला दुपारी दोनला फोन हातात मिळाला तेव्हा ते कळलं. ती रडली नाही. चप्पल घालून थेट रस्त्याला लागली, आणि एसटी यायला अवकाश होता म्हणून चालतच निघाली. दुसऱ्या दिवशी तिचा अर्ध्या दिवसाचा खाडा लागला, तेवढा पगार कापला.

त्या खाड्याबद्दल विचारायला मी व्यवस्थापकांकडे गेले होते. ते वाईट माणूस नाहीत, हेही लिहून ठेवते. ते म्हणाले, "मावशी, इथं तुम्ही नोकरी करत नाही आहात. सेवा करताय. सेवेत असा हिशेब नसतो." खाडा मात्र हिशेबानेच लागला होता.

हे पत्र त्या एका शब्दासाठी लिहिते आहे. जास्तीच्या तासांचे पैसे मागितले की सेवा. आठवड्याची सुट्टी मागितली की सेवा. नेमणुकीचं पत्र मागितलं की, सेवेला कसलं पत्र? नऊ वर्षांत हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला, की घरी देवापुढे बसल्यावरसुद्धा तो मनात आला की माझ्या पोटात गोळा येतो. हे मला सहन होत नाही, कारण शब्द आमचा आहे. देहू-आळंदीच्या परिसरातली माणसं आम्ही. वारीच्या दिवसांत माझं माहेर दिंडीला पिठलं-भाकरी घालायचं. आई रात्रभर भाकऱ्या थापायची. आजोबा येईल त्या वारकऱ्याचे पाय तेल लावून चेपायचे, आणि वयाने लहान असला तरी त्याला माउली म्हणायचे. कुणी तास मोजले नाहीत. पण त्या पंगतीचं कुणी शुल्कही घेत नव्हतं. आईला बरं नसेल त्या वर्षी ती बसून राहायची आणि शेजारची काकू थापायची, त्याबद्दल कुणी आईचे पैसे कापले नाहीत. तुमच्याकडे सात दिवस राहायला एक माणूस जितके पैसे भरतो, तितके मिळवायला आमच्यातल्या एकीला चार महिने लागतात. तुम्ही ते घेता याबद्दल माझी तक्रार नाही. जमीन, इमारत, शिक्षक, वीज, सगळ्याला पैसा लागतो. मग आमच्या हाताला तेवढा तो का लागू नये?

येणाऱ्यांसाठी रोज अकरा वाजता अर्धा तास 'कर्मयोग' असतो. ते भाजी चिरतात, पालापाचोळा गोळा करतात. त्यासाठी आम्ही आधी भाजी निवडून धुऊन ठेवतो, सुऱ्या-पाट मांडतो. मला हा अर्धा तास मनापासून आवडतो. पुण्याच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. दुधी किसता किसता त्यांनी विचारलं, "तुम्ही येता किती वाजता, हो?" मी सांगितलं. त्यांनी किसणी खाली ठेवली आणि बराच वेळ माझ्या हातांकडे बघत बसल्या. जाताना त्यांनी तुमच्या सूचनापेटीत काहीतरी लिहून टाकलं. काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. ती पेटी उघडून आम्हाला कधी वाचून दाखवली गेली नाही, एवढं माहीत आहे.

आता शंखप्रक्षालनाचा दिवस. वाचणाऱ्यांतल्या काहींना ही क्रिया माहीत नसेल. घेरंडसंहितेत जिला वारिसार म्हटलं आहे ती हीच. कोमट मिठाचं पाणी दोन-दोन ग्लास प्यायचं, ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन, उदराकर्षण ही पाच आसनं करायची, परत पाणी, परत आसनं, आणि मध्ये लागेल तसं शौचाला जायचं, अगदी स्वच्छ पाणी बाहेर पडेपर्यंत. एका माणसाला १६ ग्लास सहज लागतात, कुणाला जास्तही. ४० जणांच्या तुकडीत रक्तदाबाचे, हर्नियाचे, अल्सरचे सोडले तर तीसेक जण बसतात. म्हणजे दीडशे लिटर पाणी, बोट घालून बघितलं तर सोसेल इतकंच गरम, आणि लिटरला दोन चमचे या मापाने पावणेदोन किलोच्या आसपास मीठ. मीठ कमी पडलं तर पाणी अंगात जिरतं, जास्त झालं तर उलटी होते. ही चव मी घेते. दर टोपाची, दर वेळी, पहाटे उपाशीपोटी.

टाकी रात्री दोनला भरून घ्यावी लागते, कारण लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि सकाळी साडेसहा ते नऊ या वेळात २२ संडासांना काही हजार लिटर पाणी लागतं. त्या अडीच तासांत हाऊसकीपिंगच्या दोघीजणी ते २२ संडास तीन-चारदा धुतात. एक माणूस बाहेर आला की दुसरा आत जायच्या आत. त्यांना मिळतात ते स्वयंपाकघरातले पातळ प्लास्टिकचे हातमोजे, जे ॲसिडने मनगटाशी फाटतात. एकीच्या दोन्ही हातांची कातडी बोटांच्या बेचक्यांत कायमची सोलवटलेली आहे. मीठ लागलं की आग होते म्हणून ती स्वयंपाकघरात मदतीला येत नाही.

क्रिया संपली की पाऊण तास सगळे शवासनात. त्यांनी झोपायचं नसतं. आणि तासाच्या आत त्यांच्यापुढे मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आलीच पाहिजे, भरपूर तुपाची. उशीर झालेला चालत नाही, कारण धुऊन निघालेल्या आतड्यांवर ते तूप वेळेत गेलं पाहिजे असं शिकवणारे सांगतात. पुढचे काही दिवस त्या तिसांना दूध नाही, कच्चं काही नाही, तिखट-आंबट नाही. उरलेल्या दहांना नेहमीचं. म्हणजे एका चुलीवर दोन स्वयंपाक. खिचडीसाठी आम्ही इथलाच इंद्रायणी वापरतो. तो चिकट होतो म्हणून पूर्वीच्या आचाऱ्याला नको असायचा. पण या खिचडीला चिकटपणाच हवा. हे मी शोधून काढलं, आणि मला त्याचा अभिमान आहे. तीस माणसं थकलेल्या चेहऱ्याने पहिला घास घेतात आणि एकदम लहान मुलांसारखी दिसायला लागतात. ते मी व्हरांड्याच्या जाळीतून बघते.

दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, असाच शंखप्रक्षालनाचा दिवस होता. ताम्हिणीकडून आठवडाभर पाऊस लागून राहिलेला, जमीन पाणी घेईना, शोषखड्डा भरलेला. दुपारी सेप्टिक टँक हॉलच्या मागच्या बाजूला उतू जायला लागला. मैला उपसणारी गाडी पिरंगुटहून यायची ती संध्याकाळपर्यंत येत नव्हती, आणि चार वाजता हॉलमध्ये योगनिद्रा होती. वास आत जाईल म्हणून धावपळ सुरू झाली. बागेत काम करणारा १९ वर्षांचा पोरगा, आमच्याच वाडीतला. त्याला दोर आणि बादली देऊन टाकीत उतरायला सांगितलं. "अर्ध्या तासाचं काम आहे. सेवा समज." पोराने शर्ट काढलासुद्धा.

मी त्या टाकीच्या सिमेंटच्या झाकणावर जाऊन बसले. दुसरं काही सुचलं नाही. माझ्या मामांच्या ओळखीचा एकजण असाच चिंचवडकडे टाकीत उतरून गेला होता, त्याला काढायला गेलेला दुसराही गेला होता, एवढंच डोक्यात होतं. टाकीतला वायू आधी वास येईनासा करतो आणि मग माणूस पाडतो. मला उठ म्हणाले, मी उठले नाही. पावसात बसून राहिले. पोरगा शर्ट हातात घेऊन उभा होता. आतून योगनिद्रेच्या सूचनांचा आवाज येत होता, उजव्या पायाचा अंगठा, दुसरं बोट, तिसरं बोट. गाडी सव्वासहाला आली आणि पाऊण तासात टाकी उपसून गेली.

माणसाला असं टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. नंतर शोधून वाचलं. तुम्हाला मात्र आधीच माहीत असायला हवं होतं, कारण टाकी तुमची होती. तो पोरगा आता हिंजवडीत गाडी चालवतो आणि मला रस्त्यात दिसला की हॉर्न वाजवतो.

माझ्याकडूनही एक चूक झाली आहे, ती इथे लिहिते. आमच्याकडे एक तुकडी रविवारी दुपारी जाते आणि दुसरी सोमवारी दोनला येते. तुम्ही आराखड्यात त्या मधल्या वेळेला 'विश्रांती' असं लिहिता. खरं म्हणजे तो आमचा सगळ्यात जड दिवस: २२ खोल्या, ४४ चादरी, तेवढेच अभ्रे, सगळ्या मॅट पुसायच्या, कोठी झाडायची. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत. जनरेटरच्या खोलीत दोऱ्या बांधून वाळवतो, तिथल्या उष्णतेने डोकं दुखतं. अशाच एका रविवारी रात्री नवीन आलेली पोरगी टाच दुखते म्हणून रडायला लागली. मी तिला म्हणाले, "सेवा समज गं, दुखणं पळून जाईल." तिने डोळे पुसले आणि अभ्रे चढवायला लागली. बोलून झाल्यावर मला ऐकू आलं मी काय बोलले ते. पुढच्या महिन्यात तिने काम सोडलं. तुम्ही वरून बोलता तो शब्द आम्ही खाली एकमेकींवर वापरायला लागलो आहोत.

आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या बाई ११ वर्षं काम करून गेल्या वर्षी निघाल्या. गुडघे गेले होते. तुम्ही त्यांचा सत्कार केला. हॉलमध्ये सगळ्यांसमोर बसवलं, शाल, श्रीफळ आणि ध्यानस्थ मूर्तीचा फोटो दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. तो मान खरा होता, मी तो कमी लेखत नाही. पण दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाच वर्षं सलग काम केलेल्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ग्रॅच्युइटी म्हणून द्यायची असते. त्यांचा शेवटचा पगार १२ हजार होता. २६ दिवसांचा महिना धरून हिशेब केला तर ११ वर्षांचे शहात्तर हजारांच्या वर होतात. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांच्या मुलाने त्यानंतर दोन महिन्यांनी म्हैस विकली. शाल अजून घडी करून ठेवली आहे त्यांनी, प्लास्टिकच्या पिशवीत.

आपल्या या भागाला योगाची जुनी ओळख आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली. तेव्हा योग म्हणजे चमत्कार असं लोक मानायचे. त्यांनी क्रिया करणाऱ्याच्या शरीरात काय घडतं हे यंत्रं लावून मोजायला सुरुवात केली. क्ष-किरण, दाब, श्वास, सगळं. ते प्रयोग छापायला 'योगमीमांसा' नावाचं नियतकालिकही त्याच वर्षी काढलं. आमच्याकडच्या एका वयस्क गुरुजींनी मला हे सांगितलं. तेच गुरुजी दुपारी तीनला, हातातली कामं संपली की, आम्हा बायकांना व्हरांड्यात मार्जारासन आणि शलभासन करायला लावायचे. माझी कंबर त्यांनी वाचवली. ते गेल्यापासून तो अर्धा तास बंद झाला. आता तीन वाजता आम्ही बदाम सोलतो, संध्याकाळच्या बदामाच्या दुधासाठी.

गुरुजींच्या त्या गोष्टीवरून मीही मोजायला लागले. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहायचे: आले किती वाजता, निघाले किती वाजता, मध्ये बसले किती. गेल्या फेब्रुवारीतल्या एका आठवड्याची बेरीज ८१ तास आली. कायदा आठवड्याला ४८ तास म्हणतो आणि त्यावरच्या कामाला दुप्पट मजुरी सांगतो. वही माझ्याकडे आहे. कुणी बघायला मागितली तर दाखवीन. त्याच वहीत हेही आहे की सव्वाचारला यायचं तर आमच्या वाडीतून तीन किलोमीटर अंधारात चालावं लागतं, कारण पहिली एसटी सहानंतर. रस्त्यावर बिबट्या दिसतो. आम्ही चौघी-पाच जणी मिळून काठी आपटत, मोठमोठ्याने बोलत येतो, आणि फाटकापाशी आलो की गप्प होतो. केंद्राची गाडी पाहुण्यांना आणायला पुण्यापर्यंत जाते. पहाटेचे तीन किलोमीटर तिला जड नाहीत.

सकाळच्या सत्रात यम-नियमांवर बोलणं होतं ते लाऊडस्पीकरवरून स्वयंपाकघरापर्यंत येतं. कणीक मळता मळता मला पाचही यम पाठ झाले आहेत. अहिंसा, सत्य, मग तिसरा अस्तेय. गुरुजी समजावून सांगायचे की दुसऱ्याचा वेळ त्याच्या मर्जीविना घेणं हीसुद्धा चोरी. हे ऐकल्यापासून मी घरी सुनेला उगाच थांबवून ठेवत नाही. तुम्हीही ते वाक्य तिथेच, त्याच हॉलमध्ये बसून ऐकलं आहे.

पैसे नाहीत असं तुम्ही म्हणाल. काही केंद्रं लहान आहेत, पावसाळ्यात रिकामी असतात, हे मी डोळ्यांनी बघते. पण २०१५ च्या अर्थसंकल्पात सरकारने आयकर कायद्यातल्या धर्मादाय कार्याच्या व्याख्येत 'योग' हा शब्द वेगळा घातला, आणि त्याची सवलत नोंदणीकृत संस्थांना मिळते. आमच्या ऑफिसात हिशेबनीस ते आनंदाने सांगत होते. योगाला ती सूट मिळाली याचा मलाही आनंद आहे. त्यातला काही भाग भविष्य निर्वाह निधीच्या पावतीच्या रूपाने भांडी घासणाऱ्यापर्यंत पोचावा. २० किंवा जास्त माणसं असतील तिथे तो लागू आहे. आम्ही २४ आहोत. हजेरीपटावर १७ आहोत, बाकी ठेकेदाराकडे. का, ते तुम्हाला माहीत आहे.

आणि जून. संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योगदिन ठरवला, २०१५ पासून तो साजरा होतो, आणि आमच्याकडे तो वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम असतो. त्याच सुमारास आमच्या खाचरांत भाताची रोपं वर आलेली असतात. जुलैत लावणी. लावणी थांबत नाही, रोप म्हातारं झालं की पीक हातचं जातं. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचा हा तालुका, मुळशीचा सत्याग्रह इथलाच. उरलेलं खाचर आमच्यासाठी काय असतं ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तुम्ही ज्या आंबेमोहराचं पाहुण्यांपुढे कौतुक करता तो अशाच कुणाच्या खाचरातून येतो. लावणीला चार दिवस रजा मागितली तर मागच्या वर्षी दोघींना 'परत येऊ नका' सांगितलं गेलं. पाळी लावून आठ-आठ जणांना चार-चार दिवस सोडलं, तर बारा दिवसांत सगळ्यांची लावणी उरकते. जुलैत तुकड्याही लहान असतात. मी वेळापत्रक करून देते, मला येतं.

तर मागणं असं आहे. प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र, त्यात कामाचे तास आणि पगार लिहिलेला. आठवड्यातून एक दिवस खरी सुट्टी. पहाटेच्या पाळीला गाडी. मौनाच्या आठवड्यात एक फोन सुरू, ऑफिसात, कुणीतरी उचलणारं बसलेलं, म्हणजे शाळेतून फोन आला तर निरोप तरी मिळेल. जाड रबरी हातमोजे. टाकी पावसाळ्याआधी गाडी बोलावून उपसायची, दरवर्षी, आणि माणूस कधीही आत उतरवायचा नाही. निघून गेलेल्या मोठ्या बाईंची ग्रॅच्युइटी. आणि दुपारचा तो अर्धा तास आम्हाला परत द्या. शिक्षक नसले तरी चालेल, आसनं आम्हाला येतात, फक्त जागा आणि वेळ हवा.

तुमच्यातल्या काहींनी हे आधीच केलं असेल. त्यांनी कसं जमवलं ते बाकीच्यांना सांगावं. त्यांच्याकडे आमच्या बायका हसत कामाला जातील.

पाहुणे आम्हाला मावशी म्हणतात, तुम्हीही म्हणता. मला ती हाक आवडते, ती बदलू नका. फक्त पगाराच्या कागदावर आमचं पूर्ण नाव लिहा.

येत्या सोमवारी दोनला नवी तुकडी येते आहे, ३८ जणांची. मौन शिबिर आहे. मंगळवारी पहाटे साडेतीनला मी चवळी चढवीन. तुमच्यापैकी कुणी त्या वेळी स्वयंपाकघरात आलं, तर बसायला पाट आहे आणि वहीही तिथेच फळीवर असते. येणं जमत नसेल तर उत्तर लेखी द्या.

आपली नम्र,
स्वयंपाकघरात काम करणारी एक बाई
मुळशी तालुका, जिल्हा पुणे